नोंद आहे, पण दुसऱ्याच नावाने!

समलिंगी स्त्री-पुरुषांचा इतिहास म्हटला, की आपल्याकडे अनेकांना न्यूयॉर्क किंवा लंडन आठवते. प्रत्यक्षात पुण्यातील व महाराष्ट्रातील दप्तरखाने, ग्रंथालये, नाटके, चित्रपट आणि नियतकालिके यांत या इतिहासाचे दुवे विखुरलेले आहेत. ते कोठे शोधावेत, कसे वाचावेत आणि जे अजून घराघरांतील कपाटांत पडून आहे ते कसे वाचवावे, याचा हा आढावा.

पुण्यातील एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन विषयसूचीत ‘समलिंगी’ हा शब्द शोधला, तर हाती फारसे काही लागत नाही. जुन्या मराठी नियतकालिकांच्या अनुक्रमणिकांतही हा शब्द क्वचितच भेटतो. त्यावरून ‘आपल्याकडे असे काही नव्हतेच’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि आजवर तो सर्रास काढला गेला आहे. परंतु शब्द नसणे आणि माणसे नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा इतिहास नोंदला गेला आहे. मात्र तो ज्यांचा आहे त्यांनी तो क्वचितच नोंदला. तो लिहिला पोलिसांनी, न्यायालयांनी, महसूल खात्याच्या कारकुनांनी, वैद्यकीय सल्लागारांनी आणि नाटककारांनी. प्रत्येकाने त्याला आपापले नाव दिले. त्यामुळे शोध घेणाऱ्याला प्रथम ही परकी नावे ठाऊक असावी लागतात.

‘अनैसर्गिक कृत्य’, ‘विकृती’, ‘गैरवर्तन’ हे शब्द कायद्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांचे. ‘लैंगिक समस्या’ हे शीर्षक सल्ल्याच्या सदरांचे. ‘बेपत्ता’ किंवा ‘पळवून नेले’ हे शब्द पोलीस ठाण्यातील फिर्यादीचे. ‘समलिंगी’ हा शब्द या साऱ्यानंतर रुळला. जुन्या कागदांत आजचा शब्द शोधणारा रिकाम्या हाताने परततो. त्या काळाचा शब्द शोधणाऱ्याला मात्र वाट सापडते.

कायद्याने लिहिलेला इतिहास

या शोधाची सर्वांत ठळक खूण म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये या संहितेचा मसुदा तयार केला. ती १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध ठेवणाऱ्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा या कलमाने ठरवली. त्यामागची कल्पना इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळी, १५३३ मध्ये झालेल्या कायद्यापर्यंत मागे जाते. पुढे इंग्लंडने १९६७ मध्ये आपल्या कायद्यात मर्यादित सुधारणा केली. वसाहतीत पेरलेला कायदा मात्र स्वतंत्र भारतात तसाच राहिला.

ज्या कायद्याने या माणसांना गुन्हेगार ठरवले, त्याच कायद्याच्या कागदांत त्यांच्या अस्तित्वाचे पुरावेही राहिले. उच्च न्यायालयांचे जुने निवाडे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत आणि विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत अशा निवाड्यांचे खंड ठेवलेले असतात. त्यांतील १८८४ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा खैराती खटला प्रसिद्ध आहे. स्त्रीवेषात वावरणाऱ्या एका व्यक्तीला पोलिसांनी पाळतीवर ठेवून पकडले होते. गुन्हा केव्हा, कोठे, कोणाबरोबर घडला हे काहीच सिद्ध न झाल्याने उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. दुसरा निवाडा १९३४ चा, सिंधमधील. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील या प्रकरणात दोन पुरुषांना शेजाऱ्यांनी किल्लीच्या भोकातून पाहिले होते, हे निवाड्यातून कळते. आरोपी सुटला; पण बंद दारामागील खासगीपणा किती तकलादू होता, हे त्या कागदाने नोंदवून ठेवले.

हे निवाडे वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. अपिलात गेलेले आणि छापले गेलेले खटले मोजकेच असतात. कलमाचा धाक दाखवून उकळलेले पैसे, पोलीस चौकीतील अपमान, बदनामीच्या भीतीने सोडलेली नोकरी यांची नोंद कोणत्याही खंडात नसते. ती प्रथम मोठ्या प्रमाणावर कागदावर आली ती नाझ फाउंडेशनच्या याचिकेच्या निमित्ताने. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी या याचिकेवर निर्णय देताना प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले. तो निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख, मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी हा निर्णय फिरवला, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर खटल्यात २०१३ चा निकाल रद्दबातल केला. सुमारे पाचशे पानांचा हा निकाल म्हणजे स्वतःच एक इतिहासग्रंथ आहे. कलमाचा उगम, त्याचा वापर आणि त्याने झालेले नुकसान यांची सविस्तर चर्चा त्यात आहे. या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने क्षमा मागावयास हवी, अशा आशयाचे मतही न्या. इंदू मल्होत्रा यांनी त्यात नोंदवले आहे. शोधाची सुरुवात कोठून करावी, असे विचारणाऱ्याला हा निकाल निःशंकपणे सुचवता येईल.

दप्तरातील हक्क

न्यायालयापेक्षा जुने आणि पुण्याशी थेट नाते असलेले साधन म्हणजे महसुली दप्तर. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमाल हे मराठा राजवटीच्या अभ्यासाचे मुख्य साधन आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. राजकारणाचा अभ्यासक तेथे लढाया आणि तह शोधतो. समाजाच्या कडेला राहिलेल्यांचा अभ्यासक मात्र इनामे, वतने आणि भिक्षेचे हक्क यांकडे वळतो.

लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने नेमके हेच केले. चिंचवडच्या देव घराण्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या या अभ्यासकाने १९८७ मध्ये ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात एकोणिसाव्या शतकातील हिजडा समाज आणि सरकार यांच्या संबंधांवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. पश्चिम भारतात, विशेषतः दख्खनमध्ये, पूर्वीच्या राजवटींनी या समाजातील काही व्यक्तींना इनामे व गावोगाव ठराविक मागणी करण्याचे हक्क दिले होते. ते हक्क गुरूकडून शिष्याकडे जात. इंग्रज अधिकाऱ्यांपुढे ही प्रकरणे आली, तेव्हा अशा लोकांच्या हक्कांना सरकारने पाठबळ का द्यावे, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि हे हक्क पुढे चालू ठेवण्यास हळूहळू नकार दिला. महसूल खात्याचा हा कोरडा पत्रव्यवहार वाचताना ध्यानात येते, की ज्याला आज आपण ‘परंपरेने चालत आलेला तिरस्कार’ समजतो, त्याचा काही भाग सरकारी शेऱ्यांतून घडला आहे.

हिजडा समाजाचा इतिहास आणि समलिंगी स्त्री-पुरुषांचा इतिहास एकच नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. एक प्रश्न लिंगभावाचा आहे, दुसरा लैंगिक आकर्षणाचा. तथापि कायद्याने आणि समाजाने दोघांनाही एकाच काठीने हाकले. त्यामुळे एकाचा शोध घेताना दुसऱ्याचे कागद वाचावेच लागतात.

‘समाजस्वास्थ्य’ आणि १९३४ चा खटला

मराठीतील छापील साधनांत पहिला मान र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला द्यावा लागेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्राध्यापकीवर पाणी सोडणाऱ्या कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल २६ वर्षे ते चालवले. त्यातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर आज विशेष मोलाचे ठरते. ज्या गोष्टी घरात, शाळेत किंवा डॉक्टरांकडेही बोलता येत नव्हत्या, त्या मराठी माणसे पत्राने कर्वे यांना विचारत होती.

या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. आक्षेप घेतलेल्या मजकुरात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीची उत्तरे होती. मुंबईच्या न्यायालयात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, हे मानण्यास त्यांनी नकार दिला. वाचकांनी प्रश्न विचारले असतील तर त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तर देणे हे मासिकाचे कामच आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या लैंगिकतेच्या अभ्यासकाचा आधार घेतला. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. तरीही समलिंगी संबंध हा विषय मराठी मासिकात, मराठी वाचकांच्या प्रश्नांतून, १९३० च्या दशकात आला होता, ही गोष्ट त्या खटल्याने पक्की नोंदवली गेली. ‘हे फॅड पाश्चात्त्य वाहिन्यांनी आणले’ असे म्हणणाऱ्यांना याहून नेमके उत्तर देता येणार नाही.

‘समाजस्वास्थ्य’ वाचावयाचे असेल, तर अनंत देशमुख यांनी कर्वे यांच्या लेखनाचे केलेले संपादन उपयोगी पडते. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा २००१ चा चित्रपट आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक यांतूनही कर्वे यांची ओळख होते. मात्र अभ्यासकाने मूळ अंकांपर्यंत पोहोचावे. कारण संपादित ग्रंथात लेख येतात. वाचकांची पत्रे, जाहिराती आणि छोटी स्फुटे बहुधा गळतात, आणि या विषयात नेमके तेच महत्त्वाचे असते.

रंगमंच, कादंबरी आणि पडदा

कर्वे यांच्यानंतरचा मोठा दुवा रंगभूमीवर सापडतो. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आले. विनय आपटे यांचे दिग्दर्शन आणि सुमित्रा देव ऊर्फ मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन वातावरणात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची ही शोकांतिका बापू नावाचा तिचा मित्र सांगतो. त्या काळी मराठी नाट्यगृहात हा विषय आणणे हेच धाडस होते. परंतु इतिहासाचे साधन म्हणून हे नाटक वाचताना आणखी एक प्रश्न विचारता येतो: मित्राची गोष्ट तिने स्वतः का सांगितली नाही? तिच्या वतीने बोलणारा पुरुष निवेदक हा त्या काळच्या मर्यादेचाच पुरावा आहे.

पुढच्याच वर्षीचा जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ अनेकांनी पाहिला असेल. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग आहे. इतर आश्रमवासी स्त्रियांचा संताप, अधीक्षक सुलभा महाजनची कोंडी आणि व्यवस्थापनाची भीती या साऱ्यांतून एका संस्थेने या गोष्टीकडे कसे पाहिले, हे दिसते. चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’ हे नाटक मुलगा समलिंगी असल्याचे कळलेल्या आईच्या बाजूने उलगडते. पालेकर यांचा ‘थांग’ २००६ चा. त्यात पतीच्या समलिंगी नात्याचा उलगडा झालेली पत्नी केंद्रस्थानी आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण आपापली कहाणी सांगतात. मराठी मध्यमवर्गीय घरातला मुलगा येथे, दुसऱ्या कोणाच्या मध्यस्थीशिवाय, स्वतःच्या तोंडाने बोलतो. तेंडुलकर ते कुंडलकर या २५ वर्षांत काय बदलले, ते या एका गोष्टीवरून कळते. जेरी पिंटो यांनी केलेला या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे या दृष्टीने दुर्लक्षित केंद्र आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांबरोबरच भित्तिपत्रके, पुस्तिका आणि वृत्तपत्रीय कात्रणे यांचे मोठे भांडार आहे. एखाद्या चित्रपटात काय दाखवले याइतकेच, त्यावर प्रेक्षक आणि समीक्षक काय म्हणाले, हेही इतिहासाचे साधन असते. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ चित्रपटावरून १९९८ च्या डिसेंबरमध्ये मुंबईतील चित्रपटगृहांत तोडफोड झाली, तेव्हाच्या बातम्या, अग्रलेख आणि वाचकांची पत्रे एकत्र वाचली, तर त्या काळाचे मन उलगडते.

स्वतःच्या आवाजात

इतरांनी लिहिलेल्या या इतिहासात स्वतःचा आवाज उमटण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. पत्रकार अशोक राव कवी यांनी त्या वर्षी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. त्याआधी १९८६ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांनी कॅलिफोर्नियात ‘त्रिकोण’ सुरू केले होते. ‘बॉम्बे दोस्त’मधील लेखांपेक्षा वाचकांची पत्रे आणि मैत्रीच्या जाहिराती आज अधिक बोलक्या वाटतात. गावोगावचे एकटे लोक या पानांतून एकमेकांना शोधत होते. यातूनच १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला.

पुण्यातील सूत्रे बिंदुमाधव खिरे यांच्याकडे येतात. अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरी केल्यानंतर पुण्यात परतलेल्या खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी, ‘इंद्रधनू’ हा समलैंगिकतेच्या विविध बाजूंचा परिचय करून देणारा ग्रंथ आणि समलिंगी मुलामुलींच्या पालकांची मनोगते एकत्र करणारे ‘मनाचिये गुंती’ ही पुस्तके मराठी वाचकासाठी पायाभूत ठरावीत. पालकांची मनोगते हे तर जगभरातही दुर्मीळ असणारे साधन. मराठी घरातील आई-वडील हा धक्का कोणत्या शब्दांत व्यक्त करतात, हे त्यात वाचावयास मिळते. ‘समपथिक’च्या पुढाकाराने ११ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. तिची छायाचित्रे, फलक आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्या हाही आता इतिहासच झाला आहे.

पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात अध्यापन केलेले आर. राज राव यांनी २००३ मध्ये ‘द बॉयफ्रेंड’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली आणि दिव्यज्योती सर्मा यांच्यासह ‘व्हिसलिंग इन द डार्क’ हा २१ मुलाखतींचा संग्रह संपादित केला. रूथ वनिता आणि सलीम किडवाई यांचा २००० चा ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ हा ग्रंथ प्राचीन ते आधुनिक भारतीय साहित्यातील उतारे एकत्र आणतो. अखिल भारतीय चित्र पाहण्यासाठी त्याला पर्याय नाही. तृतीयपंथी जीवनाविषयी लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे वैशाली रोडे यांनी शब्दबद्ध केलेले ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन, आणि जोगत्यांच्या जगासाठी राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ही कादंबरी वाचावी.

स्त्रियांच्या नोंदी अधिक विरळ

वरील यादीत पुरुषांचे पारडे जड आहे, हे चोखंदळ वाचकाच्या ध्यानात आले असेल. त्याचे कारण साधनांच्या स्वरूपातच आहे. कलम ३७७ चा बडगा मुख्यतः पुरुषांवर उगारला गेला. त्यामुळे न्यायालयीन कागदांत पुरुष सापडतात. सार्वजनिक बागा, रेल्वे स्थानके, रात्रीचे रस्ते येथे भेटण्याची मुभाही पुरुषांनाच होती. स्त्रीवर नियंत्रण ठेवले ते कुटुंबाने आणि विवाहाने. त्याची नोंद होत नाही. झालीच तर ती ‘मुलगी बेपत्ता’ किंवा ‘मैत्रिणीने पळवून नेले’ या फिर्यादीत, अन्यथा दोन मैत्रिणींच्या आत्महत्येच्या चार ओळींच्या बातमीत.

या पोकळीत काही मोलाचे काम झाले आहे. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला. पुढे तो ‘लाबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. अश्विनी सुखटणकर यांनी संपादित केलेला ‘फेसिंग द मिरर’ हा समलिंगी स्त्रियांच्या लेखनाचा संग्रह १९९९ चा, तर श्रमिक व ग्रामीण स्त्रियांच्या कहाण्या सांगणारे माया शर्मा यांचे ‘लव्हिंग विमेन’ २००६ चे. ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठी स्त्रियांच्या शब्दांतील असा संग्रह उभा राहणे, हे या क्षेत्रातील मोठे काम शिल्लक आहे.

पुरावा कशाला म्हणावे?

उत्साहाच्या भरात हाती येईल त्या गोष्टीवर आजचे शिक्के मारण्याचा मोह या अभ्यासात नेहमी होतो. बालगंधर्वांनी रंगमंचावर स्त्रीभूमिका अजरामर केल्या. त्यावरून त्यांच्या खासगी जीवनाविषयी काहीही सिद्ध होत नाही. संतांनी विरहिणीच्या भूमिकेतून रचना केल्या; तो मधुराभक्तीचा संकेत आहे. आजन्म अविवाहित राहिलेला समाजसेवक किंवा आयुष्यभर एकत्र राहिलेल्या दोन शिक्षिका यांच्याविषयीही कागद बोलत नसतील, तर अभ्यासकाने बोलू नये.

प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत हीच शिस्त लागते. ‘कामसूत्रा’त ‘तृतीया प्रकृती’चा उल्लेख आहे. मनुस्मृतीने पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या द्विजासाठी सचैल स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आहे. म्हणजे प्राचीन समाज याविषयी पूर्ण उदार नव्हता, तसाच १८६२ च्या कायद्याइतका कठोरही नव्हता. शिखंडीची कथा महाभारतात आहे. पण अर्जुनाला उर्वशीने दिलेल्या शापाची लोकप्रिय कथा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. संपादकांनी ती परिशिष्टात ठेवली आहे. पुराणकथेचा दाखला देण्यापूर्वी ती कोणत्या पाठात आहे, हे पाहण्याची सोय याच शहरात उपलब्ध आहे.

कपाटातील कागद

छापील साधने ग्रंथालयांत टिकतील. खरा धोका आहे तो न छापलेल्या साधनांना. पत्रे, रोजनिश्या, छायाचित्रे, सभांची निमंत्रणे, सायक्लोस्टाइल पत्रके हा या इतिहासाचा गाभा. आणि तोच सर्वांत आधी नष्ट होतो. एखादी व्यक्ती निवर्तली की नातेवाईक कपाट उघडतात. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने काही कागद त्याच दिवशी जळतात, उरलेले रद्दीत जातात. ‘बॉम्बे दोस्त’च्या पहिल्या वाचकांची पिढी आज साठीच्या पुढे आहे. वनिता यांचे सहसंपादक सलीम किडवाई यांचे २०२१ मध्ये निधन झाले. आठवणी सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत.

संग्रह किती सहज पुसला जातो, याचे उदाहरण बर्लिनचे आहे. मॅग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये तेथे लैंगिकताविषयक संशोधन संस्था स्थापन केली होती. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिचे ग्रंथ भर चौकात जाळले. उलट उदाहरण न्यूयॉर्कचे: तेथील समलिंगी स्त्रियांचा संग्रह १९७४ मध्ये सुरू झाला, तो एका राहत्या घरातून. भारतात २०१७ मध्ये आकाराला आलेला ‘कमरा’ हा संग्रह बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात असून कलम ३७७ च्या लढ्याची चित्रफीत, मुलाखती व कागदपत्रे तेथे जतन केली जात आहेत. पुण्यासारख्या दप्तरांच्या शहरातही या विषयाचे स्वतंत्र दालन असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

तोवर सामान्य वाचकालाही काही करता येण्याजोगे आहे. दिवंगत आप्ताचे कागद आवरताना पत्रे पाकिटांपासून वेगळी करू नयेत; पाकिटावरील शिक्का तारीख आणि गाव सांगतो. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने वर्ष व ठिकाण लिहावे. कागद संस्थेला देताना ‘अमुक वर्षांपर्यंत खुले करू नयेत’ किंवा ‘नावे झाकावीत’ अशी अट लेखी घालता येते. आठवणी ध्वनिमुद्रित करताना सांगणाऱ्याची संमती आधी घ्यावी, आणि ती परत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवावा. ही काळजी अनाठायी नाही. २००९ च्या निकालानंतर ज्यांनी नावानिशी मुलाखती दिल्या, ते २०१३ च्या निकालाने पुन्हा कायद्याच्या कक्षेत ओढले गेले होते. आज दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असून ३७७ सारखे कलम तीत नाही. मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. जोडीदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या घरातील कपाट कोण उघडणार, हा प्रश्न त्यामुळे आजही वारसाहक्काचा आहे, आणि म्हणूनच तो इतिहासाचाही आहे.

ज्यांनी एकत्र संसार केला, त्यांच्यापैकी मागे राहिलेल्याला कायदा नातेवाईक मानत नाही. कागद त्याच्या हाती येतीलच असे नाही. हयातीत केलेले साधे मृत्युपत्र आणि त्यात ‘माझी पत्रे व छायाचित्रे यांच्याकडे द्यावीत’ ही एक ओळ एवढ्यानेही त्या दोघांची गोष्ट रद्दीच्या दुकानात जाण्यापासून वाचू शकते. कर्वे यांना पत्रे लिहिणाऱ्या अनामिक वाचकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. पण त्यांनी विचारले आणि एका संपादकाने ते छापले, म्हणून नव्वद वर्षांनंतरही ते होते, असे म्हणता येते.